इंटरकल्चरल स्टडीजसाठी अमेरिकेतल्या ख्रिस्ती कॉलेजात अर्ज: पात्रता, कागदपत्रं आणि गाडी कुठे अडते

बारावीचा निकाल लागला की चर्चमधल्या उपासनेनंतर दोन-तीन जण हमखास गाठतात. "परदेशात सेवेचं काम करायचंय, अमेरिकेतल्या ख्रिस्ती कॉलेजात तो इंटरकल्चरलचा कोर्स असतो ना, त्याचा फॉर्म कुठे मिळतो?" फॉर्म मोबाइलवरच मिळतो. पण विचारायला ते पाच-सहा महिने उशिरा आलेले असतात. तिथलं वर्ष ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतं आणि बऱ्याच कॉलेजांची अर्जाची मुदत आदल्या नोव्हेंबर ते फेब्रुवारीदरम्यान संपते. म्हणजे अर्ज बारावीत शिकत असतानाच करायचा. दहावी-अकरावीच्या गुणपत्रिका लावायच्या आणि बारावीची हाती पडली की मागून पाठवायची.

फॉर्मआधी विषय समजून घ्या, कारण पुढे तीन वेगवेगळी माणसं तुम्हाला एकच प्रश्न विचारणार आहेत: कशाला जाताय? पहिलं कॉलेज, दुसरी पैसे देणारी बँक किंवा देणगीदार, तिसरा व्हिसाच्या खिडकीतला अधिकारी. तिघांना तीन उत्तरं दिली की अर्ज कुठेतरी फसतो.

इंटरकल्चरल स्टडीज म्हणजे बायबल कॉलेजातला पाळकपणाचा, म्हणजे पाद्री होण्याचा कोर्स नव्हे. यात सांस्कृतिक मानववंशशास्त्र असतं, जगातल्या धर्मांचा अभ्यास असतो. अनोळखी भाषा कानाने कशी शिकायची याचं प्रशिक्षण असतं, बहुतेक ठिकाणी इंग्रजी शिकवण्याचे पेपर असतात, आणि शेवटी काही महिने दुसऱ्या देशात किंवा स्थलांतरितांच्या वस्तीत प्रत्यक्ष काम. पूर्वी याला मिशनशास्त्र म्हणत. कॅलिफोर्नियातल्या फुलर सेमिनरीत १९६५ साली 'स्कूल ऑफ वर्ल्ड मिशन' निघालं आणि २००३ मध्ये त्याचं नाव बदलून 'स्कूल ऑफ इंटरकल्चरल स्टडीज' झालं. त्या स्कूलचे पहिले प्रमुख डोनाल्ड मॅकगॅव्हरन यांचा जन्म १८९७ चा, आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या दमोहचा. उमेदीची वर्षं त्यांनी तेव्हाच्या मध्य प्रांतातच काम केलं. अमेरिकेत शिकवल्या जाणाऱ्या या विषयाचा थोडा पाया आपल्याकडच्या मातीत घातला गेलाय.

नाव बदलण्यामागे व्यावहारिक कारणही आहे. अनेक देश मिशनरी म्हणून व्हिसा देत नाहीत. तिथे शिक्षक, नर्स, भाषातज्ज्ञ किंवा निर्वासितांसाठी काम करणारी व्यक्ती म्हणून जावं लागतं, आणि पदवीवर 'मिशन' शब्द असला की अर्ज तिथेच थांबू शकतो. म्हणून माझा सल्ला असा की या विषयाला एखाद्या हाताला काम देणाऱ्या विषयाची जोड द्या. सार्वजनिक आरोग्य, इंग्रजी अध्यापन, हिशेब, काहीही चालेल. नुसत्या इंटरकल्चरलच्या पदवीवर नोकरी मिळवणारे मी फार पाहिलेले नाहीत.

पात्रता: गुणांपेक्षा विश्वासाची अट जड

शैक्षणिक अट साधी आहे. बीएसाठी बारावी उत्तीर्ण, शाखा कुठलीही. एमएसाठी पदवी, आणि इथे आपल्या तीन वर्षांच्या बीएची अडचण येते. काही कॉलेजं ती स्वीकारतात, काही चार वर्षांचीच मागतात. फी भरण्याआधी ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. इंग्रजीसाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा डुओलिंगो यांपैकी एक परीक्षा लागते. आयईएलटीएसमध्ये बहुतेक ठिकाणी ६ ते ६.५ बँड मागतात. टोफेल आणि आयईएलटीएसचे गुण दोन वर्षंच चालतात, तेव्हा फार आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

खरी चाळणी वेगळीच आहे. कॅलिफोर्नियातली बायोला युनिव्हर्सिटी किंवा इलिनॉयमधलं व्हीटन कॉलेज (स्थापना १८६०) पदवीच्या विद्यार्थ्याकडून ख्रिस्ती विश्वासाची कबुली मागतात. मिशिगनमधल्या कॅल्विन युनिव्हर्सिटीत तशी अट नाही. कॉलेज ख्रिस्ती, पण विद्यार्थी कुठल्याही धर्माचा चालतो. 'ख्रिस्ती कॉलेज' या एका पाटीखाली हे दोन्ही प्रकार येतात. आपल्याकडे विल्सन किंवा झेवियर्समध्ये शिकलेल्या पालकांना पहिला प्रकार कल्पनेतच नसतो.

शिवाय वर्तनाचा करारनामा असतो. व्हीटनमध्ये त्याला कम्युनिटी कव्हेनंट म्हणतात, आणि त्यानुसार पदवीच्या विद्यार्थ्याला दारू-तंबाखू वर्ज्य. आठवड्यातून तीनदा चॅपलला, म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनासभेला हजर राहावं लागतं. याच कॉलेजात १४३ वर्षांनी, २००३ साली पहिल्यांदा विद्यार्थ्यांच्या नाचाला परवानगी मिळाली, यावरून वातावरणाचा अंदाज घ्या. हा करारनामा अर्ज करतानाच सगळा वाचा, आईवडिलांनाही मराठीत समजावून सांगा. सही करून मग पाळायचा नाही असं ठरवून जाणाऱ्यासाठी ही कॉलेजं नाहीत.

आणखी एक तपासणी राहिली. अमेरिकेत यूजीसीसारखी एक संस्था नाही. तिथल्या शिक्षण खात्याने मान्य केलेल्या अधिस्वीकृती संस्था, म्हणजे कॉलेजच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या संस्था असतात. व्हीटनला हायर लर्निंग कमिशन या अशाच एका संस्थेची अधिस्वीकृती आहे. छोट्या बायबल कॉलेजांबाबत हे नीट पाहा, कारण सुंदर वेबसाइट आणि बायबलची वचनं यांच्यामागे अधिस्वीकृती नसलेली 'युनिव्हर्सिटी'ही सापडते. परत येऊन इथे नेट-सेट द्यायची किंवा सरकारी नोकरी करायची असेल तर पदवीची समकक्षता लागेल, आणि त्यासाठी यूजीसीने एप्रिल २०२५ मध्ये नवे नियम काढले आहेत. तेही डोळ्यांखालून घाला.

कागदपत्रं, आणि नावाचा घोळ

यादी लांब दिसते, पण त्यातली निम्मी घरातच असतात: पासपोर्ट, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॉलेजचे ट्रान्सक्रिप्ट (गुणांचा अधिकृत उतारा), इंग्रजीचे गुण, दोन-तीन शिफारसपत्रं, निबंध, अर्ज फी. पदव्युत्तरसाठी काही कॉलेजं डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून गुणांचं मूल्यमापन करून मागतात. त्यासाठी ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडून थेट जावे लागतात, तुमच्या हातून नाही. विद्यापीठाच्या खिडकीवर यात कित्येक आठवडे सहज जातात.

सगळ्यात जास्त वेळ मात्र नावापायी जातो. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. अमेरिकन फॉर्मवर 'फर्स्ट नेम' विचारतात तेव्हा गुणपत्रिका समोर ठेवून पोरं पहिला शब्द म्हणजे आडनाव टाकून मोकळी होतात. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या एका मुलीचं नाव गुणपत्रिकेवर एक, पासपोर्टवर वडिलांच्या नावासकट दुसरं, आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर तिसरंच होतं. पाळकसाहेबांनी तेव्हा दाखल्यावर पवित्र शास्त्रातलं नाव घातलेलं. कॉलेजने विचारलं, या तीन व्यक्ती कोण? शेवटी प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागलं. नियम एकच: अर्जावर पासपोर्टवरचं नाव, अक्षर न् अक्षर तसंच. आणि पासपोर्टमध्ये सगळं नाव आडनावाच्या रकान्यात गेलं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. नाहीतर व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. पुढे बँक खातं उघडण्यापर्यंत ते पाठ सोडत नाही.

साक्ष आणि पाळकांचं पत्र

विश्वासाचा निबंध म्हणजे आपल्याकडची साक्षच, आपण विश्वासात कसे आलो ते सांगणं. पण रविवारी उभं राहून देतो ती साक्ष आणि ही साक्ष यांत फरक आहे. आपल्या साक्षीला ठरलेली चाल असते: मी पापात होतो, प्रभूने उचललं, आमेन. कॉलेजला तपशील हवे असतात. मंडळीत तुम्ही काय करता? संडे स्कूल घेत असाल तर कुठल्या वयाच्या मुलांना, किती वर्षं? ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या मुलांना शिकवलंत, की शेजारच्या वस्तीत दुसरी भाषा बोलणाऱ्यांशी गाठ पडली? गोंधळलात कुठे? एका मुलाने लिहिलं होतं की पारधी वस्तीत गेल्यावर पहिले दोन महिने त्याला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही, आणि तिसऱ्या महिन्यात त्याने बोलणं थांबवून नुसतं ऐकायला सुरुवात केली. या विषयाला लागतो तो हाच निबंध. इंटरनेटवरून उतरवलेले निबंध निवड समितीच्या लगेच लक्षात येतात.

पाळकांच्या शिफारसीसाठी कॉलेज त्यांच्या ईमेलवर थेट दुवा पाठवतं. आमच्याकडच्या निम्म्या पाळकांचा ईमेल त्यांच्या मुलाने कधीकाळी उघडून दिलेला असतो, पासवर्ड कुणालाच आठवत नाही. आधी जाऊन भेटा, ईमेल चालतो का पाहा, दुवा आला की शेजारी बसून फॉर्म उघडून द्या. मात्र ते लिहीत असताना उठून बाहेर जा. "चांगल्या घरातला मुलगा आहे" एवढंच पत्र कामाचं नाही. मी काय काम करताना पाहिलं, हे त्यांनी लिहायला हवं. शिफारस नातेवाइकाची चालत नाही, म्हणून पाळकाच्या मुलामुलींनी दुसऱ्या मंडळीचे पाळक किंवा वडील मंडळातलं (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांमधलं) नात्याबाहेरचं माणूस शोधावं.

पैसे

इथे बरेच अर्ज मरतात, म्हणून लाडीगोडी न करता सांगतो. बायोला किंवा व्हीटनसारख्या ठिकाणी फी आणि राहणं-खाणं मिळून वर्षाचा खर्च ५०,००० डॉलरच्या पुढे जातो. अमेरिकन सरकारची शैक्षणिक मदत आपल्याला मिळत नाही. जी काही मिळेल ती कॉलेजच्या स्वतःच्या शिष्यवृत्तीतून. प्रवेश मिळाल्यावरही किमान पहिल्या वर्षाचा पैसा कुठून येणार हे दाखवल्याशिवाय कॉलेज आय-२० हा विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद देत नाही, आणि त्याविना व्हिसाचा अर्जच होत नाही.

पैसा म्हणजे बँकेतली शिल्लक, मुदत ठेव किंवा मंजूर झालेलं शैक्षणिक कर्ज. सातबारा चालत नाही. शेतीची किंमत कितीही असो, कॉलेजला लगेच काढता येणारी रक्कम हवी असते. एखादी मंडळी किंवा नातेवाईक खर्च उचलणार असतील तर त्यांचं हमीपत्र आणि त्यांच्याच खात्याचं स्टेटमेंट जोडावं लागतं.

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजसवलत देणारी केंद्राची 'पढो परदेश' योजना २०२२-२३ पासून बंद आहे, तरी तिचे जुने मेसेज व्हॉट्सअॅपवर अजून फिरतात. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडे कर्जाची चौकशी करून पाहा, पण अशा योजनांचा ओढा तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे असतो. बँकांच्या खास यादीत ही छोटी कॉलेजं सहसा नसतात, मग त्या तारण मागतात. हा हिशेब जुळत नसेल तर पुण्यातली युनियन बिब्लिकल सेमिनरी (१९८३ मध्ये यवतमाळहून पुण्यात आलेली) सोडून आधी अमेरिकाच का, हा प्रश्न घरात बसून स्वतःला विचारायला हरकत नाही.

तिथे गेल्यावर कमावून भागवू, हे गणितही धरू नका. सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला २० तास काम करता येतं, बाहेर परवानगीशिवाय नाही. शिक्षणानंतर वर्षभर कामाची संधी असते. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना आणखी २४ महिने वाढवून मिळतात, या विषयाला ती वाढ सहसा मिळत नाही.

आय-२० ते व्हिसाची खिडकी

आय-२० आला की आधी सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या अमेरिकन सरकारी यंत्रणेची) ३५० डॉलर फी, मग डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म आणि १८५ डॉलरची व्हिसा फी. भरण्याच्या दिवशी अधिकृत संकेतस्थळावर आकडे पुन्हा पाहा. तुमचा व्हिसा एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचा. धार्मिक कामासाठीचा आर-१ वेगळा. त्याला त्या पंथात किमान दोन वर्षांचं सभासदत्व लागतं. या दोघांची सरमिसळ करू नका.

डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती लिहावी लागतात, आणि जून २०२५ पासून विद्यार्थ्यांना ती सार्वजनिक ठेवायला सांगतात. कुठल्या सेवाभावी संस्थेशी संबंध होता का, किती भाषा बोलता, हेही विचारतात. संस्थेचं नाव निबंधात असेल तर इथेही लिहा.

मुंबईत बोटांचे ठसे आणि फोटो एक दिवस, मुलाखत वेगळ्या दिवशी, बीकेसीतल्या वकिलातीत. मोबाइल आत नेता येत नाही. मुलाखत दोन-तीन मिनिटांची, काचेपलीकडून. एका मुलाने "हा कोर्स करून काय करणार?" याला "प्रभू नेईल तिकडे जाईन" असं मनापासून उत्तर दिलं. अधिकाऱ्याने कलम २१४(ब) ची चिठ्ठी हातात दिली. त्या कलमाखाली तुम्ही परत येणार आहात हे तुम्हीच पटवून द्यायचं असतं. सहा महिन्यांनी तोच मुलगा पुन्हा गेला. परत येऊन आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्या भाषिक गटांत, कसलं काम करायचंय हे त्याने चार वाक्यांत सांगितलं. निबंधातही त्याने तेच लिहिलं होतं. व्हिसा झाला.

कागदांची ही कटकट जुनीच आहे. १८१३ मध्ये गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत पाठवायचा हुकूम काढला होता. राहायची परवानगी मिळेपर्यंत त्यांनाही अर्जांवर अर्ज करावे लागले. अमेरिकन मराठी मिशन त्यातूनच उभं राहिलं.

व्हिसा झाला तरी अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा जास्त आधी अमेरिकेत शिरता येत नाही, तेव्हा स्वस्त मिळतंय म्हणून जुलैच्या सुरुवातीचं तिकीट काढून बसू नका. आणि आय-२० हातातल्या पिशवीत ठेवा. तो चेक-इनच्या बॅगेत गेला, तर तिकडे उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत दाखवायला तुमच्याजवळ काहीच नसेल. बॅग त्या रांगेच्या पलीकडे मिळते.