टिश्यू कल्चर : मातृरोपाकडे लक्ष उशिरा का गेलं?

टिश्यू कल्चर म्हणजे झाडाच्या पेशी किंवा तुकडे बाटलीत वाढवून रोपं करणं. त्याच्या इतिहासात सगळा मान माध्यमाने, म्हणजे पेशी ज्यात वाढवतात त्या पोषक मिश्रणाने, पटकावला. ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या गॉटलीब हाबरलांट यांनी 1902 मध्ये पानांतल्या सुट्या पेशी पोषक द्रावणात ठेवल्या. त्या काही आठवडे जगल्या, आकाराने वाढल्याही, पण विभागल्या नाहीत. पुढची अनेक दशकं बहुतेकांचं डोकं एकाच प्रश्नाशी झुंजत होतं : द्रावणात काय कमी पडतंय? 1955 मध्ये पेशींना विभागायला लावणारं कायनेटिन हाती आलं. 1962 मध्ये मुराशिगे आणि स्कूग यांनी तंबाखूच्या पेशींसाठी माध्यम तयार केलं. आजही प्रयोगशाळेत ‘एमएस’ म्हणतात ते हेच.

माध्यम पक्कं झालं आणि दुसरीच अडचण उघडी पडली. द्रावण तेच, हात तोच, वाणही तोच. तरी एका हंगामात जमलेलं काम दुसऱ्या हंगामात जमेना. फरक होता तो मातृरोपात, म्हणजे ज्या झाडाचा तुकडा घेतला ते कसं वाढलं यात.

परागकोशांच्या, म्हणजे फुलातल्या परागकणांच्या पिशव्यांच्या, कामात हे फार ठळकपणे दिसलं. 1964 मध्ये दिल्ली विद्यापीठात शिप्रा गुहा आणि सतीशचंद्र महेश्वरी यांनी धोत्र्याच्या परागकोशांतून भ्रूण मिळवले, आणि जगभर या तंत्रामागे लोक लागले. इंग्लंडमध्ये जॉन इन्स संस्थेतल्या डनवेल यांनी सत्तरच्या दशकात तंबाखूची झाडंच वेगवेगळ्या प्रकाशात वाढवून पाहिली. आखूड दिवस आणि प्रखर प्रकाश मिळालेल्या झाडांचे परागकोश सरस ठरले. सुरुवातीची फुलं उशिराच्या फुलांपेक्षा चांगली, हेही लक्षात आलं. मोहरीवर्गातल्या रेपसीडला तर गारवा लागतो : कळ्या धरल्यावर झाडं दिवसा 10 आणि रात्री 5 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायची रीत पडली.

पानांतून प्रोटोप्लास्ट, म्हणजे भित्तिका काढलेल्या उघड्या पेशी, मिळवणाऱ्यांचा अनुभव मात्र उलटा. भरपूर उन्हात वाढलेल्या पानात पिष्टाचे कण साठतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवताना हे जड कण पेशीचं नाजूक पटल आतून फाडतात आणि नळीच्या तळाशी नुसता हिरवा गाळ उरतो. शिवाय अशी पानं जाड, राठ. भित्तिका विरघळवणारं एन्झाइम आत शिरायलाच वेळ लागतो. अमेरिकेत कान्सासमध्ये शेपर्ड यांच्या गटाने 1977 मध्ये बटाट्याच्या पानांतल्या प्रोटोप्लास्टपासून रोपं उभी केली. त्यातही पानं तोडण्याआधी झाडांना मंद प्रकाशाची सवय लावणं हा कृतीचाच भाग होता. परागकोशांना मानवलेला प्रखर प्रकाश इथे नडतो. सगळ्यांना लागू पडेल असा एक नियम त्यामुळेच कधी बनला नाही.

व्यापारी रोपवाटिकांनी हा धडा जास्त मनावर घेतला, असं मला वाटतं. मुराशिगे यांनी रोपनिर्मितीच्या पायऱ्या एकपासून मोजल्या होत्या. बेल्जियममधल्या डेबेर्ग आणि मेने यांनी 1981 मध्ये त्याआधी ‘शून्य’ पायरी जोडली : मातृरोपं काही काळ आडोशाला, कोरड्या हवेत वाढवायची, पाणी वरून न शिंपडता मुळाशी द्यायचं. पानं ओली राहिली नाहीत की बुरशी आणि जिवाणू कमी, मग बाटल्याही कमी नासतात. आपल्याकडे भर पावसात शेतातून आणलेला कोंब निर्जंतुक करताना किती जीव जातो, हे टिश्यू कल्चरवाल्यांना वेगळं सांगायला नको.

काहींनी वेगळी वाट काढली : मातृरोपच बाटलीत वाढवायचं. ऊन, पाऊस, कीड सगळंच टळतं. तरीही कित्येक शोधनिबंधांत माध्यमाचा हिशेब मिलिग्रॅमपर्यंत दिलेला असतो, आणि झाडाबद्दल ‘निरोगी रोपांची पानं घेतली’ एवढी एकच ओळ.