ब्रेसेसचे दुखणे (किशोरवयातील)

दात सरळ करण्यासाठी बसवलेल्या तारांमुळे दातांत होणारा ठणका, दात आंबणे आणि गाला-ओठांच्या आतल्या बाजूला पडणाऱ्या जखमा, या सगळ्यांना मिळून ब्रेसेसचे दुखणे म्हटले जाते. पुण्यात बोलताना ‘तारा लावल्या’, ‘क्लिपा बसवल्या’ आणि नुसते ‘ब्रेसेस’ असे तिन्ही प्रयोग चालतात. उपचार बहुधा ११ ते १५ या वयात सुरू होतात आणि दीड-दोन वर्षे चालतात. त्या काळात मूल ‘दुखतंय’ एवढेच सांगते, पण दुखण्याचे प्रकार अनेक असतात. आंबलेत, ठणकतंय, टोचतंय, चुरचुरतंय, कळ येते, यातल्या प्रत्येक शब्दामागे वेगळे कारण असते आणि उपायही त्यावरच ठरतो. म्हणून घरच्यांनी ‘किती दुखतंय’च्या आधी ‘कसं दुखतंय’ हे विचारावे.

आंबणे आणि ठणका

दात हाडात थेट रुतलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. तारेने दात ढकलला की एका बाजूला हा पडदा दबतो, तिथला रक्तप्रवाह मंदावतो आणि प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये तयार होतात. ही द्रव्ये हाड झिजवणाऱ्या पेशींना कामाला लावतात आणि त्याच वेळी मज्जातंतूंना हळवे करतात. दुसऱ्या, ताणलेल्या बाजूला नवे हाड भरत जाते. दात सरकणे आणि दुखणे अशी एकाच घडामोडीतून येतात. पण ‘जास्त दुखलं म्हणजे दात लवकर सरकले’ हा समज खोटा आहे. जोर फार झाला तर दबलेला पडदा तेवढ्या जागी निर्जीव होतो आणि तो साफ होईपर्यंत दात अडून राहतो. योग्य जोराने दात महिन्याला साधारण १ मिलिमीटर सरकतो. या काळात दात किंचित हलतात. मुले त्याने घाबरतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवावे.

ब्रॅकेट, म्हणजे तार धरून ठेवणारा दातावरचा छोटा तुकडा, चिकटवताना दुखत नाही. ३७ टक्के फॉस्फोरिक आम्ल दातावर १५ ते ३० सेकंद ठेवतात, धुतात, मग चिकटद्रव्य लावून निळ्या प्रकाशाने पक्के करतात. त्रास होतो तो आंबट चवीचा आणि ताणून कोरड्या पडलेल्या ओठांचा. ओठांना आधी व्हॅसलीन लावले की तोही कमी होतो. पहिली तार निकेल-टायटॅनियमची असते, ०.०१२ ते ०.०१६ इंच जाडीची. ती बसवल्यावर दोन ते चार तासांत दात आंबू लागतात. रात्रीच्या जेवणात पोळीचा पहिला घास तोडताना पुढच्या दातांच्या कडा एकमेकींना टेकतात आणि जबडा आपोआप मागे येतो. मग मूल घास जिभेवर भिजवत बसते आणि तसाच गिळते. दुसऱ्या दिवशी ठणका सर्वांत जास्त असतो, तिसऱ्या दिवशी उतरू लागतो आणि आठवड्याभरात बहुतेक जातो. दर चार ते सहा आठवड्यांनी तार किंवा दात ओढणारी रबरी चेन बदलली की हेच चक्र सौम्यपणे पुन्हा फिरते.

दाढांना कडी बसवायची असेल तर त्याआधी जागा करण्यासाठी दाढांच्या फटीत सेपरेटर नावाची छोटी रबरे घालतात आणि काही दिवस ती तशीच ठेवतात. अनेक मुलांना ब्रेसेसपेक्षा हीच जास्त दुखतात. फटीत मांसाचा तंतू अडकल्यासारखे सतत वाटते. टूथपिकने ती काढायचा मोह आवरावा, कारण फट बंद झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ब्रेसेसवर स्वतः लावायच्या-काढायच्या रबरांचेही असेच आहे. ती दिवसभर लावली तर दोन-तीन दिवसांत सवय होते. शाळेत काढून घरी लावली तर दुखणे रोज नव्याने सुरू होते आणि महिनोन्‌महिने लांबते.

टोचणे आणि चुरचुरणे

टोचण्याचे कारण बहुधा तारेच्या टोकात असते. वेडेवाकडे दात रांगेत येऊ लागले की तार मागे सरकते आणि शेवटच्या दाढेमागून गालात घुसते. म्हणूनच पहिल्या दिवशी नीट असलेली तार आठ-पंधरा दिवसांनी सलू लागते. यावर ब्रेसेससाठीच्या खास मेणाची डबी हा पहिला उपाय आहे, पण बहुतेक मुले मेण ओल्या तारेवर लावतात आणि ते पाच मिनिटांत निघते. आधी जागा कापसाने किंवा टिश्यूने कोरडी करावी. वाटाण्याएवढे मेण बोटांत चोळून मऊ करावे, टोकावर दाबावे आणि अंगठ्याने सपाट करावे. चुकून गिळले गेले तरी अपाय नाही. जेवताना आणि दात घासताना काढावे. मेणबत्तीचे मेण वापरू नये. सलणारी तार पातळ असेल तर पेन्सिलीच्या मागच्या रबराने हलकेच दाढेकडे वळवता येते. जाड तार डॉक्टरांकडूनच कापून घ्यावी.

चुरचुरते ती जखम. ब्रॅकेटच्या आकड्यावर गाल घासून पांढुरका, लाल कडेचा फोड येतो आणि त्याला तिखट झोंबते. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चुळा भराव्यात. जखम आहे तोवर त्यासमोरच्या ब्रॅकेटवर मेण ठेवावे, नाहीतर औषधी जेल लावूनही ती बरी होत नाही, कारण घासणे चालूच असते. पहिल्या महिन्यात गालाची कातडी निबर होते आणि हा त्रास बराचसा थांबतो.

दुखते म्हणून ब्रश टाळणे हे सर्वांत महागात पडते. ब्रॅकेटभोवती अन्न साचते, आठवड्यात हिरड्या सुजतात, ब्रश लागताच रक्त येते आणि मग मूल ब्रशला आणखीच घाबरते. मऊ ब्रश आणि कोमट पाणी घ्यावे, घाई करू नये, पण रात्रीचे घासणे चुकवू नये.

खाणे

पहिले दोन-तीन दिवस मेतकूट-तूप घालून मऊ भात, मुगाची खिचडी, दहीभात, इडली, शिरा किंवा दुधात कुस्करलेली पोळी द्यावी. थंड ताकाने बरे वाटते, आणि त्याला एक खास कारणही आहे: उष्णतेने ताठ होणाऱ्या निकेल-टायटॅनियम तारा थंड पाण्याने तात्पुरत्या मऊ पडतात आणि जोर थोडा ओसरतो. शाळेच्या डब्याकडे विशेष लक्ष हवे. सुट्टी छोटी असते आणि दुखऱ्या दातांनी चावायला दुप्पट वेळ लागतो, त्यामुळे डबा भरलेला परत येतो. चमच्याने खाता येईल असेच द्यावे.

बाकरवडी, चकली, चिक्की, ऊस, सिंहगडावरचे भाजलेले कणीस आणि मिसळीवरचे कडक फरसाण उपचार संपेपर्यंत सांभाळून. यांनी ब्रॅकेट निखळतो, सुटी तार हलून गालात टोचते आणि उपचारही लांबतो. कणसाचे दाणे सोडवून खाता येतात, पेरूच्या बिया काढून पातळ फोडी करता येतात. संक्रांतीला तिळाची कडक वडी नको, मऊ लाडू चालतो.

औषध आणि वेळ

घरी आल्यावर, ठणका चढण्याआधीच पॅरासिटामॉल द्यावे. मात्रा वजनावर ठरते: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे ४० किलोच्या मुलाला एका वेळी ५०० मिलिग्रॅम पुरते. दोन मात्रांत किमान चार ते सहा तास असावेत आणि दिवसात चारच्या वर मात्रा नसाव्यात. बहुतेकांना एक-दोन दिवसच लागते. आयब्युप्रोफेनही चालते, मात्र जेवणानंतर आणि डॉक्टरांना विचारून. त्याच्यासारखी प्रोस्टाग्लँडिन रोखणारी औषधे आठवडेच्या आठवडे घेतली तर दातांची चाल मंदावू शकते. पावसाळ्यात आणि त्यानंतर पुण्यात डेंग्यूची साथ असते. मुलाला ताप असेल तर आयब्युप्रोफेन आणि ॲस्पिरिन देऊच नये, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. निमेसुलाइड या वेदनाशामकावर १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ पासून भारतात बंदी आहे, तरी जुन्या पट्ट्या घरात सापडतात.

शनिवारी संध्याकाळची वेळ घेतली तर ठणक्याचा भर रविवारी येतो आणि शाळा बुडत नाही. पण रविवारी बहुतेक दवाखाने बंद असतात, म्हणून खुर्चीवरून उठण्याआधी गालांवर बाहेरून बोट फिरवून आणि तोंड मोठे उघडून टोक सलत नाही ना हे पाहून घ्यावे. दहावीच्या परीक्षेच्या आठवड्यात नवी तार किंवा दात काढणे टाळावे. धनकवडी, पिंपरी आणि वडगाव बुद्रुक येथील दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांतही हे उपचार होतात.

कळ मात्र वेगळी. एकाच दातात झोपेतून उठवणारी कळ, गरम लागताच वाढणारे दुखणे, हिरडीवर पुटकुळी, गालाला सूज किंवा आठवड्यानंतरही न उतरणारा ठणका असेल तर ते ब्रेसेसचे नेहमीचे दुखणे समजू नये. त्यामागे कीड किंवा मुळाचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दाखवावे.

ब्रेसेस काढताना दात क्षणभर दाबले जातात. कापसाची गुंडाळी चावून धरली की ते कमी जाणवते. त्यानंतर सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर येतो. तो चार-पाच दिवस न लावता पुन्हा घातला आणि दात आंबले, तर दात मागे फिरू लागले आहेत असे समजावे आणि त्या रात्रीपासून रिटेनर नियमित लावावा. तो बसतच नसेल तर जबरदस्तीने दाबू नये, डॉक्टरांकडे न्यावा.