आयर्लंडमधील परदेशी दुकानसाखळ्या आणि मंदीची वर्षे : पार्श्वभूमी

२००८ ते २०१३ या काळात आयर्लंडच्या बाजारपेठांतून झावी, ला सेन्झा, गेम, एचएमव्ही या परदेशी, मुख्यतः ब्रिटनमधून चालवल्या जाणाऱ्या साखळ्यांच्या पाट्या एकामागून एक उतरल्या. लोकांच्या हाती पैसा उरला नाही, हे त्याचे कारण त्या वेळी सर्रास सांगितले गेले. ते खरे होते, पण अपुरे होते. ग्राहकाने हात आखडता घेतला की विक्री घटते. दुकान बंद पडते ते विक्री घटूनही खर्च घटत नाही तेव्हा. खर्चाला असे जखडून ठेवणारी व्यवस्था आयर्लंडमध्ये मंदीच्या कितीतरी आधी उभी राहिली होती.

ब्रिटिश दुकानांचा या देशातील वावर स्वातंत्र्यापूर्वीचा आहे. वूलवर्थने डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवर १९१४ साली पहिले दुकान उघडले आणि पुढील सत्तर वर्षे ते नाव आयरिश गावांच्या मुख्य रस्त्यांवर राहिले. १९८४ मध्ये, आधीच्या एका दीर्घ मंदीत, ब्रिटनमधील नव्या मालकांनी आयर्लंडमधील सर्व दुकाने बंद केली. दुकान आयर्लंडमध्ये आणि त्याच्या भवितव्याचा निर्णय लंडनमध्ये, ही रचना तेव्हाच स्पष्ट दिसली होती. मात्र दहा-बारा वर्षांतच ‘केल्टिक टायगर’ म्हणून ओळखली जाणारी तेजी सुरू झाली आणि हा अनुभव मागे पडला. १९९६ मध्ये डेबनहॅम्स आणि आर्गोस या ब्रिटिश साखळ्या आल्या; १९९७ मध्ये टेस्कोने क्विन्सवर्थ आणि क्रेझी प्रायसेस या स्थानिक साखळ्या विकत घेतल्या; १९९९ मध्ये आल्डी आणि २००० मध्ये लिडल या जर्मन कंपन्या उतरल्या. २००६ मध्ये डेबनहॅम्सने रोचेस स्टोअर्स या जुन्या आयरिश कंपनीची नऊ दुकाने घेतली, तेव्हा तेजीचा अखेरचा टप्पा चालू आहे हे फारच थोड्यांच्या लक्षात आले होते.

या विस्तारात जागा मिळवण्यासाठी जी चढाओढ झाली, तिच्यातच पुढच्या संकटाचे बीज होते. आयर्लंडमध्ये दुकानांचे भाडेकरार ब्रिटिश वळणाचे, पंचवीस ते पस्तीस वर्षांचे असत. दर पाच वर्षांनी भाड्याचा फेरआढावा होई आणि त्यात भाडे वाढू शके किंवा तेवढेच राही, पण कधीही कमी होत नसे. निवृत्तिवेतन निधी आणि विमा कंपन्या अशा करारांच्या भरवशावर इमारती विकत घेत, कारण उत्पन्न घटणार नाही याची ती हमीच होती. ग्राफ्टन स्ट्रीटवर तर जुन्या भाडेकरूकडून करार घेताना मोठी एकरकमी रक्कम मोजावी लागे. आपल्याकडच्या पागडीशी तिचे बरेच साम्य आहे. तेजीत कोणालाच हे जाचक वाटले नाही. या करारांचा भार किती होता, याचे न्यायालयीन नोंदीतले उदाहरण परदेशी साखळीचे नसून बीवलीज या आयरिश कॅफेचे आहे. त्याचे ग्राफ्टन स्ट्रीटवरील वार्षिक भाडे २००७ च्या फेरआढाव्यात सुमारे १४.६ लाख युरोंवर गेले होते आणि २०१२ मध्ये त्याच जागेचा बाजारभाव जवळजवळ निम्म्यावर आला होता. भाडे बाजारभावाप्रमाणे खाली यावे ही कॅफेची मागणी उच्च न्यायालयाने मान्य केली, पण २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

सरकारने या प्रश्नाकडे पाहिलेच नाही असे नाही. २००९ च्या कायद्याने, २८ फेब्रुवारी २०१० पासून, नव्या करारांत भाडे कधीही कमी न होऊ देणाऱ्या कलमाला मनाई झाली. परंतु खरी अडचण जुन्या करारांची होती. २०११ मध्ये सत्तेवर आलेल्या फाइन गेल आणि लेबर पक्षांच्या आघाडीने जुन्या करारांनाही हात घालण्याचे आश्वासन दिले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, राज्यघटनेतील मालमत्तेच्या हक्काला बाधा येईल या कारणास्तव, ते मागे घेतले गेले. त्यामुळे एकाच रस्त्यावर नवा दुकानदार आजच्या भावाने आणि शेजारचा जुना दुकानदार २००७ च्या भावाने भाडे भरत राहिला. घटनेचा अडथळा खरा असेलही, पण त्याची किंमत इमारतमालकांनी नव्हे, दुकानांनी आणि त्यांतल्या नोकरांनी मोजली.

दुसरा घाव चलनाचा होता. २००७ च्या सुरुवातीला एका युरोला सुमारे ६७ पेन्स मिळत. २००८ च्या अखेरीस पौंड इतका घसरला की युरो आणि पौंड जवळजवळ समान झाले. १ डिसेंबर २००८ रोजी ब्रिटनने मूल्यवर्धित कर १७.५ वरून १५ टक्क्यांवर आणला आणि नेमक्या त्याच दिवशी आयर्लंडने तो २१ वरून २१.५ टक्के केला. सीमेपलीकडच्या, ब्रिटनच्या अखत्यारीतील उत्तर आयर्लंडमधल्या न्यूरी शहराकडे आयर्लंडमधील मोटारींची रीघ लागली. वस्तुतः पौंडांत माल घेणाऱ्या ब्रिटिश साखळ्यांना ही घसरण लाभदायक ठरायला हवी होती. पण अनेक दुकानांतील कपड्यांच्या चिठ्ठ्यांवर पौंड आणि युरो अशा दोन्ही किमती शेजारी शेजारी छापलेल्या असत आणि त्या जुन्या दराने ठरवलेल्या होत्या. आपण किती जास्त देत आहोत हे ग्राहकाला हातातल्या चिठ्ठीवरच वाचता येऊ लागले. आयर्लंडमधील भाडे आणि वेतन जास्त आहे, असा कंपन्यांचा खुलासा होता. किमान वेतन तासाला ८.६५ युरो होते, तर ब्रिटनमध्ये ५.७३ पौंड. खुलाशात तथ्य होते. तरीही गमावलेला विश्वास त्याने परत आला नाही.

नोव्हेंबर २०१० मध्ये देशाने ८५ अब्ज युरोंचा मदत आराखडा स्वीकारला आणि २०१२ च्या सुरुवातीस बेरोजगारी १५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली. अशा वेळी ब्रिटनमधील मूळ कंपनी बुडाली की आयरिश शाखा, तिचा स्वतःचा हिशेब कसाही असो, तिच्यासोबत जाई. जानेवारी २०१२ मध्ये ला सेन्झाच्या डब्लिनमधील लिफी व्हॅली येथील महिला कर्मचाऱ्यांनी थकलेल्या वेतनासाठी दुकानातच ठिय्या दिला. वर्षभराने एचएमव्हीची १६ दुकाने बंद होऊन सुमारे ३०० जणांची नोकरी गेली, तेव्हा लिमरिकमधील कर्मचाऱ्यांनी तोच मार्ग पत्करला. कायद्याने मिळायचे ते वेतनही दुकान अडवून मागावे लागणे ही या काळातली सर्वांत लाजिरवाणी बाब होती, असे मला वाटते.

काही कंपन्यांनी १९९० च्या कायद्यातील ‘एक्झामिनरशिप’चा आधार घेतला. या तरतुदीनुसार न्यायालय ठरावीक मुदतीपुरते, तेव्हा जास्तीत जास्त शंभर दिवस, कंपनीकडून ज्यांचे येणे आहे अशा धनकोंपासून तिला संरक्षण देते आणि त्या अवधीत कंपनी सावरण्याची योजना आखली जाते. जो भाडेकरार संसदेला बदलता आला नाही, तो या वाटेने न्यायालयाच्या संमतीने सोडता येत असे किंवा नव्याने ठरवता येत असे. घरदुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्या बी अँड क्यू या ब्रिटिश साखळीने जानेवारी २०१३ मध्ये हे संरक्षण घेतले, भाडी कमी करून घेतली, वॉटरफर्डचे दुकान बंद केले आणि उरलेली टिकवली. तिची मालक किंगफिशर ही कंपनी १९८४ मध्ये वूलवर्थची आयरिश दुकाने बंद करणाऱ्या समूहातूनच घडलेली आहे. या वेळी तिने निघून न जाता राहणे पसंत केले. मार्क्स अँड स्पेन्सरने त्याच वर्षी मलिंगर, नेस, टाला आणि डन लिअरी येथील चार दुकाने बंद केली.

सगळेच परदेशी हरले नाहीत. स्वस्त मालाची हमी देणाऱ्या आल्डी आणि लिडल यांचा विस्तार याच वर्षांत झपाट्याने झाला, आणि आयकियाने जुलै २००९ मध्ये, मंदी अगदी तळाला असताना, डब्लिनच्या बॅलिमन भागात दुकान उघडले व ते चालले.

डेबनहॅम्सची गोष्ट मंदीनंतरही लांबली. तिच्या आयरिश कंपनीने २०१६ मध्ये एक्झामिनरशिपमधून जीव वाचवला, पण एप्रिल २०२० मध्ये ब्रिटिश मूळ कंपनीने आधार काढून घेताच ११ दुकाने कायमची बंद झाली. करारानुसार ठरलेली जादा भरपाई नाकारली गेल्यावर कर्मचाऱ्यांनी दुकानांतला माल बाहेर नेऊ न देण्यासाठी ४०६ दिवस पहारा दिला. मे २०२१ मध्ये तो उठला, तेव्हा त्यांच्या हाती रोख भरपाईऐवजी सरकारचा ३० लाख युरोंचा प्रशिक्षण निधी आला.