हळदीपासून अँटीबॉडीपर्यंत: मोजायचं नंतर, आधी वेगळं करा

सांगलीत हळदीचे सौदे चालू असले की मार्केट यार्डात एक प्रश्न हमखास कानावर पडतो, करक्युमिन किती टक्के? रिपोर्टवर एकच आकडा असतो त्यामुळे आपल्याला वाटतं हळदीत एकच पिवळा पदार्थ आहे, तो मोजला की विषय संपला. पण तो पिवळेपणा तिघांचा मिळून असतो: करक्युमिन, डीमेथॉक्सीकरक्युमिन आणि बिसडीमेथॉक्सीकरक्युमिन, रेणूभार 368, 338 आणि 308. अर्क काढून साधारण 425 नॅनोमीटरच्या प्रकाशात तपासला की तिघंही प्रकाश शोषतात आणि मशीन सरळ बेरीज सांगून मोकळं होतं. कुणी मेटॅनिल यलोसारखा रंग मिसळला असेल तर तोही त्याच बेरजेत घुसू शकतो!

म्हणून मला विचाराल तर रसायनशास्त्रात मोजण्यापेक्षा वेगळं करणं जास्त अवघड आणि जास्त भारी काम आहे, पण त्याचं कौतुक फारसं कुणी करत नाही. या कामाचं मुख्य हत्यार म्हणजे क्रोमॅटोग्राफी. गणपती पेठेतून दहा जण एकाच वेळी निघाले, काही जण प्रत्येक दुकानाशी थांबले आणि काही सरळ चालत सुटले, तर दुसऱ्या टोकाला सगळे वेगवेगळ्या वेळी पोचणार, एवढंच तत्त्व आहे. दुकानं म्हणजे कॉलममध्ये, म्हणजे नळीत, भरलेले बारीक कण आणि पुढे ढकलणारा प्रवाह म्हणजे द्रावक. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काचेच्या नळीत कॅल्शियम कार्बोनेट भरून पानांतले रंग असेच वेगळे केले, आणि पुढे 1952 चं नोबेल मार्टिन आणि सिंज यांना याच्याच एका प्रकाराबद्दल मिळालं.

नंतरची बरीचशी प्रगती म्हणजे कण बारीक करत नेणं. 10 मायक्रॉन, मग 5, आणि 2004 मध्ये 1.7 मायक्रॉनच्या कणांची मशीन बाजारात आली. कण बारीक असले की पदार्थ जास्त स्वच्छ वेगळे होतात पण द्रावक ढकलायला 1000 बारपर्यंत दाब लागतो, म्हणून पंप, नळ्या, जोड सगळंच नव्यानं बनवावं लागलं.

आपल्या तासगाव-मिरज भागातल्या द्राक्षवाल्यांना हे सगळं एरवी पुस्तकी वाटलं असतं, पण 2010 ची सीसीसीची भानगड बऱ्याच जणांच्या लक्षात असेल. वेलीची वाढ रोखायला मारतात ते क्लोरमेक्वाट, म्हणजेच सीसीसी, युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत सापडलं आणि माल अडकला. मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे हिशोब केला तर 20 टन द्राक्षात फक्त 1 ग्रॅम. त्यात हा रेणू विद्युतभारित आणि पाण्यात आवडीनं विरघळणारा, नेहमीच्या तेलकट स्वभावाच्या कॉलममध्ये तो थांबतच नाही, बाकीच्या कचऱ्याबरोबर सुरुवातीलाच बाहेर पडतो. त्याला पाणी धरून ठेवणारे वेगळे कॉलम आणि पुढे रेणू वजनावरून ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. फवारणीच्या औषधांचे उरलेले अंश शोधणाऱ्या नेहमीच्या रेसिड्यू टेस्टमध्ये असा रेणू सुटून जाऊ शकतो याचं कारण हेच.

आता खरी मजा औषधांत. पॅरासिटामॉलचा रेणूभार 151, तर स्तनाच्या कॅन्सरवर देतात त्या ट्रॅस्टुझुमॅबसारख्या अँटीबॉडीचा, म्हणजे एका भल्यामोठ्या प्रथिनाचा, सुमारे 1,48,000. ही अँटीबॉडी कारखान्यात जुळवून बनवत नाहीत, हॅमस्टरच्या अंडाशयातून काढून वाढवलेल्या पेशींकडून बनवून घेतात, आणि जिवंत पेशी म्हटल्यावर प्रत्येक रेणू डिट्टो सारखा कसा येणार? कुणावर साखरेची एक कडी जास्त, कुठे प्रथिनाच्या साखळीतलं ॲस्पॅरजिन हे अमिनो आम्ल बदलून ॲस्पार्टिक ॲसिड झालेलं. या बदलानं वजनात जेमतेम 1 डाल्टनचा (रेणूभाराचं एकक) फरक पडतो, दीड लाखात एक! पण एक ऋणभार वाढतो ना, मग विद्युतभार बघून रेणू धरणारा आयन एक्स्चेंज कॉलम तेवढ्यावरून त्याला बाजूला काढतो. एकमेकांना चिकटून गोळा झालेले रेणू शोधायला छिद्रं असलेल्या कणांचा कॉलम वापरतात, तिथे मात्र मोठे आधी बाहेर पडतात कारण त्यांना छिद्रांत शिरताच येत नाही. हे गोळे शोधायलाच लागतात, कारण शरीराची प्रतिकारशक्ती त्यांच्यावर भडकू शकते.

म्हणजे ‘शुद्ध’ अँटीबॉडी म्हणून जी बाटली मिळते ती खरं तर जवळजवळ सारख्या रेणूंची गर्दी असते. बायोसिमिलर, म्हणजे अशा मूळ औषधासारखंच दुसरं औषध, बनवणाऱ्या कंपनीला त्यामुळे आपली गर्दी मूळ औषधाच्या गर्दीसारखीच आहे हे दाखवावं लागतं, तेही एका कॉलमवर भागत नाही म्हणून हल्ली एका कॉलममधून निघालेला भाग थेट दुसऱ्यात सोडतात आणि शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर जोडतात.

आणि यात कॉलम स्वतःच चोर निघाल्याचीही गंमत आहे. आरएनएसारख्या औषधांतले फॉस्फेट गट स्टीलच्या कॉलमच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात, थोडा माल वाटेतच गायब होतो आणि आकडा कमी येतो, म्हणून आता आतून खास लेप दिलेले कॉलम निघालेत.