महाराजबागेच्या गेटवर गाड्यांची गर्दी: अर्ज कुठं द्यायचा, सोबत काय जोडायचं

रविवारी सकाळी नागपूरच्या महाराजबागेच्या गेटवर थोडा वेळ उभं राहून पहा. ऑटोवाले सवारी उतरवून राहिले, कोणी गेटाला खेटून गाडी लावून राहिला, आणि मधून एखादे आजोबा नातवाचं मनगट घट्ट धरून वाट काढतात. भोसल्यांच्या वेळची बाग आहे ही, प्राणिसंग्रहालयच १८९४ पासूनचं आहे, एवढ्या गाड्यांसाठी थोडीच केली होती. म्हणून इथल्या गाड्यांना आळा घाला असा अर्ज द्याच.

पण आधी हे पाहा की कोणती गोष्ट कोणाच्या हातात आहे, निम्मे अर्ज इथंच अडकतात. बाग मनपाची नाही, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची आहे, म्हणून गेटाच्या आतल्या गाड्या, गेटाची वेळ, आतलं पार्किंग यासाठी पत्र विद्यापीठाच्या नावे. बाहेर रस्त्यावर नो पार्किंग, वन-वे, ठराविक वेळेत गाड्या बंद, हे वाहतूक पोलिसांकडे. फुटपाथ, पट्टे, खड्डे मनपाच्या झोन ऑफिसात. तिन्ही मागण्या एकाच कागदावर लिहिल्या की तो कागद नुसता फिरत राहतो, म्हणून तीन वेगळे अर्ज करा.

पात्रता वगैरे काही नाही, कोणीही नागरिक साध्या कागदावर देऊ शकतो, पण वस्तीच्या किंवा मॉर्निंग वॉकवाल्यांच्या सह्या असल्या तर वजन पडतं. आम्ही पहिल्यांदा फक्त "वाहतुकीचा त्रास होतो" एवढंच लिहून दिलं होतं, तो अर्ज परत आला, नेमकी जागा आणि वेळ लिहा म्हणून. दुसऱ्यांदा वहीत दर पंधरा मिनिटाला गाड्या मोजून लिहिल्या, दोन रविवार आणि एक साधा दिवस, तेव्हा साहेबांनी वही स्वतः उलटून पाहिली. सोबत हातानं काढलेला नकाशा (गेट, वळण, ऑटो कुठं थांबतात ते), वेळ दिसेल असे फोटो, आणि अर्जदाराच्या आधारची झेरॉक्स जोडा. ॲम्ब्युलन्स, अग्निशमन आणि तिथं राहणाऱ्यांना सूट कशी द्यायची तेही तुम्हीच लिहा, नाहीतर पहिला आक्षेप त्याच्यावरच येतो.

मागणी एक महिन्याच्या ट्रायलची करा, हे माझं पक्कं मत आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली वाहनबंदी करता येते, त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते, पण महिनाभरापुरती बंदी असेल तर ती लागत नाही, लोकांना स्थानिक पातळीवर कळवलं की चालते. पार्किंगच्या जागा कलम ११७ खाली ठरतात आणि त्यात मनपाचा सल्ला घ्यावा लागतो, म्हणून ते काम हळू होतं.

दुसऱ्या प्रतीवर पोचचा शिक्का आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात त्याच आवक नंबरवर काय कारवाई झाली ते विचारा, दहा रुपयाचं कोर्ट फी तिकीट लागतं, मजकूर दीडशे शब्दांच्या आत आणि विषय एकच ठेवा, तीस दिवसात उत्तर द्यावं लागतं त्यांना.