बेडकाच्या त्वचेतील सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडे

बेडकाची त्वचा पातळ आणि कायम ओलसर असते. तिच्यातूनच तो पाणी शोषतो आणि काही प्रमाणात श्वासही घेतो, त्यामुळे जंतूंपासूनचे संरक्षण रसायनांवर सोपवलेले असते. त्वचेतील कणमय ग्रंथींत बहुधा १० ते ५० अमिनो आम्लांची पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांसारख्या छोट्या साखळ्या, साठवलेली असतात. इजा झाली किंवा प्राणी घाबरला की ग्रंथीभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात आणि साठा त्वचेवर येतो. बॉम्बिना वंशातील बेडकांचे बॉम्बिनिन हे असे पेप्टाइड आधीच माहीत होते, पण औषधाच्या दृष्टीने शोध सुरू झाला तो १९८७ पासून. संशोधक मायकेल झासलॉफ यांना दिसले की शस्त्रक्रिया केलेले झेनोपस लेव्हिस बेडूक निर्जंतुक नसलेल्या टाकीत सोडले, तरी त्यांच्या जखमा चिघळत नाहीत. त्यांच्या त्वचेतून त्यांनी प्रत्येकी २३ अमिनो आम्लांची मॅगेनिन नावाची दोन पेप्टाइडे वेगळी केली.

पाण्यात ही पेप्टाइडे सैल असतात; पेशीपटलाला (पेशीच्या आवरणाला) चिकटताच बहुतेकांची अल्फा सर्पिल घडी होते. सर्पिलाची एक बाजू धनप्रभारित, दुसरी जलविरोधी. जीवाणूंच्या पटलात ऋणप्रभारित लिपिडे (स्निग्ध रेणू) भरपूर असतात, तर सस्तन प्राण्यांच्या पेशींच्या बाहेरील थरात मुख्यतः उदासीन लिपिडे आणि कोलेस्टेरॉल. पेप्टाइड जीवाणूंनाच फोडते, हा निवडकपणा या फरकावर उभा आहे. पण हा फरक कमी-अधिक प्रमाणाचा आहे. संहती (द्रावणातील पेप्टाइडचे प्रमाण) वाढवत नेली की तांबड्या रक्तपेशीही फुटतात.

नमुन्यासाठी बेडूक मारावा लागत नाही. तो धुऊन त्याच्या पाठीकडील लसिका कोशात (त्वचेखालील द्रवाच्या पोकळीत) नॉरएपिनेफ्रिन हे संप्रेरक टोचतात आणि त्याला पाण्यात ठेवतात. वजनाच्या दर ग्रॅमला ४० नॅनोमोल ही मात्रा पुष्कळदा वापरली जाते. सुमारे १५ मिनिटांनी बेडूक काढून घेतला की पाणी लगेच आम्लयुक्त करावे लागते, कारण स्रावातच प्रथिने तोडणारी विकरे असतात. उशीर झाला तर हाती तुकडेच येतात. पुढे सी-१८ स्तंभ व एचपीएलसी (मिश्रणातील घटक वेगळे करण्यासाठी) आणि वस्तुमान वर्णपटमिती (रेणूंचे वस्तुमान मोजण्यासाठी). ल्युसीन व आयसोल्युसीन या अमिनो आम्लांचे वस्तुमान सारखेच असल्याने क्रम ठरवायला एडमन पद्धतीची (एका टोकाकडून एकेक अमिनो आम्ल सोडवून ओळखण्याची) जोड घ्यावी लागते. पेप्टाइडच्या शेवटी आम्लाऐवजी अमाइड असेल तर वस्तुमान जेमतेम १ डाल्टनने (रेणूंच्या वस्तुमानाचे एकक) कमी भरते. हे नजरेतून सुटले तर प्रयोगशाळेत बनवलेली प्रत कमजोर निघू शकते.

किमान रोधक संहती (जीवाणूंची वाढ थांबवणारी सर्वांत कमी संहती) मोजताना सर्वाधिक घोळ भांड्यांमुळे होतो. धनप्रभारित पेप्टाइड पॉलिस्टायरीन या प्लास्टिकला चिकटते आणि द्रावणात कमी उरते. म्हणून पॉलिप्रॉपिलीनच्या ताटल्या वापरून पेप्टाइड ०.०१% अ‍ॅसिटिक आम्ल व ०.२% अल्ब्युमिनमध्ये विरळ करतात. दर मिलिलिटरला सुमारे ५ लाख जीवाणू घेतात. एचपीएलसीतून उरलेले ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटेट पेशींना अपायकारक ठरू शकते, तेव्हा पेशींवरील चाचणीआधी ते बदलून अ‍ॅसिटेट क्षार करणे शहाणपणाचे. माध्यमातील मीठ, कॅल्शियम व मॅग्नेशियमही आकडा बदलतात. त्याच नमुन्याची रक्तविलयन चाचणी (तांबड्या रक्तपेशी फुटतात का ते पाहणे) केल्याशिवाय कमी संहतीच्या आकड्याला औषध म्हणून काही अर्थ नाही.

शरीरात अडचणी वाढतात. ट्रिप्सिन हे विकर लायसीन आणि आर्जिनीन या अमिनो आम्लांनंतर साखळी तोडते, आणि धनप्रभार नेमका त्यांच्यावरच असतो. उजव्या हाताची, म्हणजे डी-रूपातील अमिनो आम्ले घालून हे टाळता येते, पण खर्च वाढतो. म्हणून भर बाहेरून लावायच्या औषधांवर राहिला. मॅगेनिनवर बेतलेले पेक्सिगॅनन हे २२ अमिनो आम्लांचे मलम मधुमेहींच्या पायांच्या संसर्गित जखमांसाठी होते. १९९९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला मंजुरी नाकारली. २०१६ मध्ये नव्या चाचण्यांतही ते औषधविरहित मलमापेक्षा सरस ठरले नाही. विषाणूंबाबत पश्चिम घाटातील हायड्रोफायलॅक्स बहुविस्तारा या बेडकातले युरुमिन लक्षणीय आहे. २०१७ च्या अभ्यासात त्याने एच-१ गटाचे इन्फ्लुएन्झा विषाणू नष्ट केले आणि उंदरांना वाचवले.

जीवाणूंना या पेप्टाइडांची सवय होत नाही, हा समज चुकीचा आहे. २००६ च्या प्रयोगात ई. कोलाय आणि स्यूडोमोनास फ्लुओरेसन्स या जीवाणूंत काही शे पिढ्यांत पेक्सिगॅननविरुद्ध प्रतिकार आला. पटलाचा ऋणप्रभार घटवणे हा जीवाणूंचा एक परिचित मार्ग आहे. माणसाच्या त्वचेतील व आतड्यातील पेप्टाइडेही त्याच प्रभारावर अवलंबून असल्याने असे औषध वापरात आणताना प्रतिकारक जीवाणू त्यांनाही दाद देईनासे होतात का, हे तपासावे लागते.