समोर कोण होतं? कॉलेज क्वार्टरबॅकच्या आकड्यांमागची गोष्ट

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा मोसम संपत आला की एक वाद हमखास पेटतो. अमुक क्वार्टरबॅकने पासांचा पाऊस पाडला हे कबूल, पण समोर कोण होतं? क्वार्टरबॅक म्हणजे संघाचं आक्रमण चालवणारा, चेंडू कुणाकडे फेकायचा हे दोन-तीन सेकंदांत ठरवणारा खेळाडू. त्याला जोखण्याची जी अधिकृत मोजपट्टी आहे, तिलाच समोरचा संघ दिसत नाही. वादाचं मूळ तिथे आहे.

ही मोजपट्टी कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने १९७९ मध्ये स्वीकारली. पासांनी मिळवलेले यार्ड गुणिले ८.४, प्रत्येक टचडाउन पासचे (थेट प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचून गुण मिळवून देणाऱ्या पासचे) ३३०, पूर्ण झालेल्या प्रत्येक पासचे १००, प्रतिस्पर्ध्याच्या हाती पडलेल्या प्रत्येक पासमागे (इंटरसेप्शनमागे) २०० वजा. मग सगळ्याला एकूण पासांच्या संख्येने भागायचं. १०० गुण म्हणजे त्याआधीच्या काळातली सरासरी. गणित सरळ आहे. पण अलाबामासारख्या बलाढ्य विद्यापीठाच्या बचावफळीसमोरचा पास आणि खालच्या श्रेणीतल्या एखाद्या लहान कॉलेजसमोरचा पास त्यात एकाच भावाने मोजला जातो.

व्यावसायिक लीग एनएफएलमध्ये हे बरंचसं खपून जातं, कारण तिथे ३२ संघ आहेत आणि त्यांच्या ताकदीत फार तफावत नसते. कॉलेजच्या वरच्या श्रेणीत १३० हून जास्त संघ, आणि नियमित सामने मात्र प्रत्येकी १२. त्यातही मोठी विद्यापीठं लहान कॉलेजांना चक्क पैसे मोजून आपल्या मैदानावर हरायला बोलावतात. रणजीत दुबळ्या गोलंदाजीवर काढलेल्या द्विशतकाकडे आपण ज्या नजरेने पाहतो, तीच नजर इथे लागते.

ह्यूस्टन विद्यापीठाचं उदाहरण तर मासलेवाईक. १९८९ मध्ये त्यांच्या आंद्रे वेअरने एसएमयू (सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ) विरुद्ध सामन्याच्या पहिल्याच अर्ध्या भागात ५१७ यार्ड आणि ६ टचडाउन पास नोंदवले. ह्यूस्टन ९५-२१ ने जिंकलं. पण एसएमयूचा संघ नियमभंगाच्या शिक्षेमुळे दोन मोसम मैदानाबाहेर राहून नुकताच परतला होता, आणि त्यात बहुतेक नवखी पोरं होती. वेअरला त्या वर्षीची हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळाली, एनएफएलमध्ये मात्र त्याची डाळ शिजली नाही. पुढच्याच वर्षी त्याचा वारसदार डेव्हिड क्लिंगलरने एका सामन्यात ११ टचडाउन पास फेकले. प्रतिस्पर्धी होता खालच्या श्रेणीतला ईस्टर्न वॉशिंग्टन.

हवाई विद्यापीठाच्या कोल्ट ब्रेननचा हिशेब एका रात्रीत झाला. २००६ मध्ये त्याचे ५८ टचडाउन पास, २००७ मध्ये संघ १२-०. मग १ जानेवारी २००८ ला शुगर बोल या मोसमाअखेरच्या मोठ्या सामन्यात जॉर्जियाशी गाठ पडली. जॉर्जियाच्या खेळाडूंनी हवाईच्या क्वार्टरबॅकला वाचवणारी संरक्षक रांग पुन्हापुन्हा फोडली आणि सामना ४१-१० असा संपला. दोष एकट्या ब्रेननचा नव्हता. त्याला चेंडू फेकायला उसंतच मिळत नव्हती.

प्रतिस्पर्ध्याची ताकद हिशेबात घ्यायचे प्रयत्न आधी संघांसाठी झाले. १९९८ मध्ये सुरू झालेल्या, अंतिम सामन्याचे संघ ठरवणाऱ्या बीसीएस पद्धतीत प्रतिस्पर्ध्यांची आणि त्यांच्याही प्रतिस्पर्ध्यांची कामगिरी गुणांत धरली जायची. एकेका क्वार्टरबॅकसाठी अशी सोय बरीच उशिरा आली. क्रीडावाहिनी ईएसपीएनने २०११ मध्ये एनएफएलसाठी ‘टोटल क्यूबीआर’ हे क्वार्टरबॅकचं नवं मोजमाप काढलं आणि त्याच्या कॉलेज आवृत्तीत समोरच्या बचावफळीच्या दर्जानुसार गुण कमी-जास्त करायला सुरुवात झाली.

तरी चर्चेत अजून संघांची क्रमवारीच चालते, आणि ती फसवी असते. २०१९ मध्ये एलएसयूच्या (लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या) जो बरोने ऑस्टिनमध्ये नवव्या क्रमांकाच्या टेक्सासला हरवलं. अडीच मिनिटांच्या आसपास वेळ उरलेली, चारपैकी तिसरा प्रयत्न, चेंडू राखायला १७ यार्ड हवे होते, आणि अंगावर धावून येणाऱ्यांना चुकवत त्याने सहकारी जस्टिन जेफरसनला दिलेला पास थेट ६१ यार्डांचा टचडाउन ठरला. मोसमाअखेर मात्र टेक्सास जेमतेम पंचविसाव्या क्रमांकावर होतं. मग हा ‘बलाढ्य’ संघाविरुद्धचा विजय धरायचा की नाही? माझ्या मते क्रमांकापेक्षा त्या दिवशीची बचावफळी पाहावी. बरोच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उरलाही नाही. त्याने पुढे अलाबामा, जॉर्जिया आणि अंतिम सामन्यात क्लेमसनलाही नमवलं, मोसमात ६० टचडाउन पास फेकले.

पण नेमकी उलटी साक्ष जॉश अ‍ॅलनची आहे. वायोमिंगकडून खेळताना तगड्या संघांसमोर त्याची दाणादाण उडायची: २०१६ मध्ये नेब्रास्काविरुद्ध ५ इंटरसेप्शन, २०१७ मध्ये ओरेगनविरुद्ध फक्त ६४ यार्ड. निव्वळ या सामन्यांवरून पाहिलं तर त्याला कुणी उभंही केलं नसतं. बफेलो बिल्सने २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं आणि २०२४ च्या मोसमात तो एनएफएलचा एमव्हीपी (सर्वांत मौल्यवान खेळाडू) झाला. लहान कॉलेजचा क्वार्टरबॅक मोठ्या संघासमोर उतरतो तेव्हा त्याच्यासोबत त्याची कमकुवत संरक्षक रांग आणि पास झेलणारे त्याचे संथ रिसीव्हरही उतरतात, आणि असे सामने मोसमात दोन-तीनच. एवढ्याशा नमुन्यावर ठाम निकाल देणं धाडसाचंच.

अलीकडे ही अडचण थोडी सैल झाली आहे. २०२१ पासून कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला वर्षभर थांबावं लागत नाही, त्यामुळे एकाच क्वार्टरबॅकला वेगवेगळ्या पातळीवर पाहता येतं. कॅम वॉर्ड खालच्या श्रेणीतल्या इन्कार्नेट वर्डमधून वॉशिंग्टन स्टेटला, तिथून मायामीला गेला, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये टेनेसी टायटन्सने त्याला सर्वांत आधी निवडलं.